बुडाकडून ओळखावी तोफ

ज्या नगराच्या जटपुरा दरवाज्यातून बाहेर पडलेली सडक लवकरच अरण्यात शिरते, आणि ज्याच्या चर्चेचे नेहमीचे विषय म्हणजे कोळसा, ऊन आणि वाघ, त्या चंद्रपुरात जुनी छायाचित्रे पाहून तुर्की तोफा ओळखणारा एक गृहस्थ राहतो, ही वार्ता आमच्या संपादकांना कोठून लागली हे त्यांनी मला सांगितले नाही. परंतु असंभाव्य वार्तांवर त्यांची विशेष श्रद्धा असल्यामुळे, ऐन वैशाखात त्यांच्या हुकमाची तामिली करणे मला प्राप्त झाले.

तोफांशी या नगराचा संबंध अगदीच नाही असे नव्हे. गोंड राजांनी उभारलेला आणि पुढे नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आलेला येथील परकोट १८१८ च्या मे महिन्यात कर्नल ॲडम्सच्या तोफांनी फोडला, आणि २० मे रोजी इंग्रजी फौज खिंडारातून आत शिरली. त्या झुंजीत किल्लेदार गंगासिंग पडला. पुढे सुमारे दीड शतकाने, येथून जवळच भद्रावतीस सरकारने दारूगोळ्याचा कारखाना काढला, आणि लष्कराच्या तोफांचे गोळे तेथे भरले जाऊ लागले. ज्यांच्याकडे मी गेलो ते काका याच कारखान्यातून निवृत्त झालेले तपासनीस. त्यांचे नाव छापू नये अशी त्यांची अट असल्यामुळे मी त्यांना काकाच म्हणणार आहे. आपले आयुष्य गोळ्यांत गेले, तोफ मात्र क्वचितच पाहावयास मिळाली, हे ते हसत सांगतात. आणि कदाचित या विरहातूनच त्यांना हा छंद जडला असावा.

माझ्यासमोर त्यांनी जे छायाचित्र ठेवले ते बल्लारपूरच्या कागद गिरणीत नोकरीनिमित्त येऊन स्थायिक झालेल्या एका सातारकर कुटुंबाचे होते. पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते आणि ‘बसऱ्याच्या लढाईस’ गेले होते, एवढी कुलकथा. पिवळट पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या त्या चित्रात खजुरीच्या झाडाखाली एक तोफ, तिच्या चाकाशी बंदूक टेकवून उभा असलेला एक शिपाई, आणि पाठीमागे शिसपेन्सिलीने लिहिलेले तीन शब्द: ‘तुर्की तोफ, बगदाद’. मी साहजिकच तोफेच्या तोंडाकडे निरखून पाहू लागलो. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते म्हणाले, “तोंड काय पाहून राहिले जी? तोंड सगळ्यांचं सारखंच असते. बूड पाहा न!”

त्यांच्या विद्येचे सर्व मर्म या एका सूचनेत आहे. मागून भरावयाच्या तोफेत गोळा घातल्यावर बुडाचे दार बंद करण्याची जी युक्ती असते, ती प्रत्येक कारखान्याची निराळी. जर्मनीतील एसेन येथील क्रुपच्या तोफांचे बूड चौकोनी ठोकळ्यासारखे असते, आणि त्यातून आरपार काढलेल्या खाचेत पोलादाची पाचर आडवी सरकते. फ्रेंच आणि इंग्रज कारागीर तेथे तुटक आट्यांचा स्क्रू वापरीत, म्हणून त्यांच्या तोफांचे बूड बहुधा गोल दिसते. दुसरी खूण गोळा सुटल्यावर नळीला बसणारा मागचा धक्का पचविण्याच्या यंत्राची. इंग्रजांच्या अठरा पौंडी तोफेत ते नळीच्या डोक्यावर, आणि आरंभीच्या नमुन्यांत चक्क दोराने गुंडाळलेले दिसते. क्रुपच्या १९०३ च्या ७५ मिलिमीटर तोफेत ते नळीच्या पोटाखाली दडलेले. आणि त्याहून जुन्या, ८७ मिलिमीटरच्या ज्या तोफांना तुर्क ‘मँटेली’ म्हणत, त्यांत ते मुळी नाहीच, त्यामुळे प्रत्येक बारासरशी सबंध गाडाच मागे उसळे आणि गोलंदाजांना तो ढकलून पुन्हा ठिकाणावर आणावा लागे. अशा तोफेपुढे पोलादी ढालही नसे; कारण जो गाडा स्वतःच मागे धावणार, त्याच्या आडोशाला माणसे बसविण्यात अर्थ नव्हता.

सातारकरांच्या चित्रातील तोफेचे बूड चौकोनी होते, पोटाखाली काही नव्हते, ढाल नव्हती. काकांनी निवाडा दिला: क्रुपची जुनी, कडक गाड्याची, म्हणजे धक्का पचविणारे यंत्र नसलेली तोफ, बहुधा ८७ मिलिमीटर. मग थोडे थांबून म्हणाले, “तोफ जर्मनाची, मालकी तुर्काची, फोटो साहेबाचा, अन् उभा सातारकर. आता हिला तुर्की म्हणा का काय म्हणा, तुमचं तुम्ही ठरवा.”

हा प्रश्न मला त्या दुपारी तोफेपेक्षाही अधिक गुंतवून गेला. तुर्की सुलतानाचा तुघ्रा, म्हणजे त्याची वळणदार राजमुद्रा, नळीच्या पाठीवर ठसठशीत कोरलेली असते, आणि छायाचित्र घेणारा हौशी अंमलदार तिच्यावरच भुलतो. कर्त्याचे नाव मात्र बुडाच्या कडेवर बारीक अक्षरांत, बहुधा सावलीत. प्रत्येक तोफेवर अशा दोन सह्या असतात, एक घडविणाऱ्याची आणि एक बाळगणाऱ्याची, आणि चित्रात पुष्कळदा दुसरीच तेवढी उतरते.

आपल्याच मुलुखातील एक तोफ याच न्यायाने पाहण्यासारखी आहे. विजापूरच्या शेर्जा बुरुजावरील मुलूख मैदान तोफ आपण दख्खनची म्हणून अभिमानाने दाखवितो. परंतु ती १५४९ साली अहमदनगरात बुऱ्हाण निजामशहासाठी ओतली गेली आणि तिच्यावर कर्त्याची सही आहे ती मुहंमद बिन हुसेन रूमी या तुर्काची. सुमारे ५५ टन वजन, चौदा फुटांहून अधिक लांबी, सव्वादोन फुटांहून मोठे तोंड, आणि त्या तोंडाभोवती जबड्यात हत्ती चिरडणाऱ्या सिंहाची मुद्रा. धातू सुमारे ऐंशी भाग तांबे आणि वीस भाग कथील, जवळजवळ घंटेचाच, म्हणून नळीवर आघात केला तर नाद घुमतो. अहमदनगराहून परांड्यास आणि तेथून १६३२ साली आदिलशाही कारभारी मुरार पंडितांच्या कारकीर्दीत विजापुरास आलेल्या या तोफेवर औरंगजेबाने विजापूर जिंकल्यावर आपला लेख कोरविला, म्हणजे येथेही मालकाची सही निराळी झाली. सारांश, सातारकरांची ‘तुर्की’ तोफ जर्मनांनी केली, आणि आपली म्हणविली जाणारी तोफ तुर्काने. आणि या दोहोंपैकी तुर्की हाताचा खरा ठसा, काकांच्या मते, विजापूरच्या तोफेवरच आहे. मला हे मत पटते.

या तोफेची आणखी एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १८५४ मध्ये साताऱ्याच्या कमिशनराने निरुपयोगी तोफा लिलावात काढण्याचा हुकूम केला, तेव्हा मुलूख मैदानास सर्वांत वरची बोली आली ती दीडशे रुपयांची! तेथील मामलेदाराला ही रक्कम फारच तुटपुंजी वाटली. शिवाय लोक त्या तोफेला किती भजतात हे त्याला ठाऊक होते. त्याने वर लिहून कळविले आणि विक्री रद्द झाली. त्या मामलेदाराने आपल्या सरकारी आयुष्यात आणखी काय केले हे आपणास कोणी सांगत नाही, परंतु एवढे एकच काम केले असले तरी त्याची पेन्शन सार्थकी लागली म्हणावयाची. पुढच्याच वर्षाच्या सुमारास थॉमस बिग्ज हा तोफखान्यातील अंमलदार मुंबई सरकारचा छायाचित्रकार म्हणून विजापुरास आला, आणि दख्खनच्या वास्तूंची जी आरंभीची छायाचित्रे आज उपलब्ध आहेत त्यांत त्याच्या कामाचा मोठा वाटा आहे.

येथवर ऐकून ही विद्या सोपी वाटू लागली होती. काकांनी मग अडचणी सांगावयास घेतल्या, आणि त्या काही संपेनात.

पहिली अडचण मापाची. चित्रात पट्टी ठेवलेली नसते. तेव्हा ज्याची लांबी ठाऊक आहे अशी एखादी वस्तू शोधून तिच्यावरून नळी मोजावी लागते. शिपायाच्या हातातील बंदूक ही यासाठी सर्वांत सोयीची. आखूड ली-एनफील्डची लांबी ११३ सेंटिमीटर. परंतु त्याच जातीची जुनी, लांब बंदूकही हिंदी पलटणींच्या हाती होती आणि ती १२६ सेंटिमीटरची. आखूड बंदूक लांब समजून हिशेब केला तर प्रत्येक माप अकरा-बारा टक्क्यांनी फुगते, आणि ७५ मिलिमीटरची तोफ ८४ ची होऊन ८७ च्या शेजारी जाऊन बसते. म्हणजे तोफ ओळखण्यापूर्वी बंदूक ओळखावी लागते. शिवाय बंदूक कॅमेऱ्याच्या थोडी जवळ असली की ती मोठी दिसते आणि तोफ लहान ठरते. म्हणूनच सातारकरांच्या तोफेला काकांनी ‘बहुधा’ हा शब्द जोडला होता, आणि माझ्या आग्रहास्तवही तो काढला नाही.

दुसरी अडचण उलट्या चित्राची. काचेच्या निगेटिव्हवरून छापताना काच पालथी पडली की डावे उजवे होते, बुडाची पाचर भलत्याच बाजूस सरकू लागते, आणि नळीवरील अरबी आकड्यांचा घोटाळा होतो. कारण त्या लिपीतील २ आणि ६ हे जवळजवळ एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे आहेत. यावर काकांचा उपाय असा की आधी माणसाकडे पाहावे: पुरुषाच्या अंगरख्याची डावी बाजू उजवीवर येते, संगिनीचे म्यान डाव्या कमरेला लटकते. हे जुळले नाही तर चित्र आरशात धरून पाहावे. आकडा सरळ वाचता आला तरी तो कोणत्या सनाचा हे उरतेच. हिजरी १३२१ म्हणजे इसवी सन १९०३-०४. परंतु तुर्की सरकारी दप्तरात चालणाऱ्या रूमी सनाचे १३२१ म्हणजे १९०५-०६.

तिसरी अडचण रंगाची, आणि ही मला सर्वांत अनपेक्षित वाटली. जुन्या रासायनिक काचांना व फिल्मांना निळा प्रकाश फार दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे पिवळसर तांबूस पंचरशी नळीसुद्धा त्यांवर काळवंडून उमटते, आणि ती ओतीव पंचरशी की घडीव लोखंडी हे केवळ छटेवरून सांगता येत नाही. मग सांध्यांकडे पाहावे लागते. लोखंडाच्या पट्ट्या उभ्या जुळवून वरून तापलेल्या बांगड्या ठोकून केलेल्या नळीवर, पिपावर असावेत तसे, वळ्यांचे उंचवटे एकामागून एक दिसतात. ओतीव नळीची पाठ अखंड असते, आणि दोन्ही बाजूंचे आडवे खुंटही तिच्याच अंगातून निघालेले असतात. लोहारा आणि सूरजागड यांसारख्या लोखंडाच्या डोंगरांच्या या प्रदेशात, जेथे स्थानिक कारागीर पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भट्टीत लोखंड गाळीत आले, तेथल्या गडावर एखादी नळी आढळली तर ती घडीव आहे की ओतीव हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे, असे काका म्हणतात. तो विचारण्याचा धीर मात्र कोणास होत नाही. गंजलेली नळी दिसली की तिला कोणत्या तरी प्रसिद्ध लढाईशी जोडून फलक लावण्याकडेच आपला कल.

आणि शेवटची अडचण शीर्षकांची, म्हणजे चित्रामागील मजकुराची. पहिल्या महायुद्धात इराकमधील कुत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंडच्या हाताखालील पुणे डिव्हिजन, तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी, सुमारे पाच महिने वेढ्यात राहून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण आली. पुढे ११ मार्च १९१७ रोजी इंग्रजांनी बगदाद घेतले. या काळात त्या आघाडीवर तोफा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेल्या. तुर्की शिपायांच्या घोळक्यातील तोफ इंग्रजांची असू शकते, आणि ‘पाडाव केलेली शत्रूची तोफ’ असे लिहिलेल्या चित्रात डोक्यावर दोर गुंडाळलेली अठरा पौंडी उभी असू शकते. पाठीमागचे लिखाण ही साक्ष खरी, पण ती कोणी, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून दिली हे पाहिल्याखेरीज फौजदारी कोर्टातही साक्ष ग्राह्य धरीत नाहीत.

काकांची चिंता आता निराळीच आहे. पूर्वी लोक मूळ चित्र घेऊन येत. आता ते मोबाइलवर, दहा हातांतून फिरून, कडा छाटलेले असे येते, आणि छाटला जातो तो नेमका बुडाकडचा भाग, कारण सर्वांना तोंड आणि शिपाई हवा असतो. गडांवरील तोफांची तीच गत. मूळ गाडा गेलेला, नळी सिमेंटच्या चौथऱ्यात अर्धी पुरलेली, आणि वर ऑइलपेंटचे इतके थर की कोरीव अक्षर बोटालाही लागत नाही. २०१७ पासून चंद्रपूरच्या परकोटावरील झाडझाडोरा काढण्याचे जे कष्टाचे काम इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी केले, त्याचे काका मोठ्या आदराने नाव घेतात. भिंत मोकळी झाली, आता जे जे लोखंड-पितळ सापडेल त्याचे रीतसर टिपण व्हावे, एवढीच त्यांची इच्छा.

तेव्हा ज्या वाचकांच्या घरी बसरा, बगदाद किंवा कुतहून आलेले एखादे छायाचित्र असेल, त्यांनी ते पुठ्ठ्यावरून उचकटू नये; पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजूंची संपूर्ण प्रत कडांसह काढून ठेवावी, आणि घरातील वडीलधारे जे सांगतील ते सांगणाऱ्याच्या नावानिशी वेगळ्या कागदावर लिहावे. गडावर तोफ दिसली तर तिच्यावर तेल, खडू अथवा रंग चढवू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी एक साधी फूटपट्टी ठेवून, तोंड, दोन्ही खुंट, कान (म्हणजे बत्ती देण्याचे छिद्र) आणि बूड यांची चित्रे घ्यावीत. बुडाचे आधी घ्यावे.