पऱ्हाटी, राख आणि मीठ

खिशातली नोट काढा आणि बोटांत चुरगाळून बघा. ती साध्या कागदासारखी फाटत नाही, कारण तिच्यात लाकडाचा लगदा नाहीच. भारतीय नोटांचा कागद १०० टक्के कापसाचा असतो. सूतगिरणीत लांब धागा विंचरून घेताना जो आखूड तंतू गळून पडतो, त्याला कोंबर नॉईल म्हणतात. सातपुड्यापलीकडे नर्मदापुरमला नोटांचा कागद बनवणारी सिक्युरिटी पेपर मिल आहे, तिला हाच गळालेला तंतू लागतो. एका गिरणीने टाकलेला माल दुसरीने असा उचलला, की तिथे कचरा म्हणून काही शिल्लक राहत नाही.

अकोला आणि अमरावतीच्या कारखान्यांनाही धूर, राख आणि सांडपाणी कमी करणारं तंत्र हवं आहे. तंत्र बाहेरून येईल तेव्हा येईल. आपल्या जिनांत, दाल मिलमध्ये आणि धुऱ्यावर काय काय पडलंय, ते तर आधी पाहू.

कापसाला कापसाचाच रूळ

१०० किलो कापूस जिनात टाकला तर रुई निघते साधारण ३४ किलो. उरलेला बहुतेक भाग सरकी. सरकीचं तेल, ढेप, टरफल आणि तिला चिकटलेली बारीक लव, म्हणजे लिंटर, या सगळ्याला गिऱ्हाईक आहे. मग जिनात घाण कसली? रुळाची. डबल रोलर जिनाच्या रुळांवर वर्षानुवर्षं क्रोमने कमावलेलं चामडं बसवत आले. ते घासून झिजतं, क्रोमियमची धूळ उडते आणि कामगारांच्या फुप्फुसात आणि रुईतही जाते. त्याला उत्तर म्हणून रबर आणि सुती कापडाचे थर एकमेकांवर दाबून बिनक्रोमचे रूळ तयार झाले. म्हणजे कापसातून सरकी काढायला कापसाचंच कापड! कामगाराच्या छातीत जाणारी धूळ थांबवणाऱ्या या रुळाला माझ्या हिशेबात कुठल्याही चकचकीत यंत्रापेक्षा जास्त मान आहे.

४०० एकरांची पऱ्हाटी, रोज

वेचणी संपली की शेतात कपाशीची वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी, उभी राहते, हेक्टरी २ ते ३ टन. बाजारात तिला भाव नाही म्हणून ती बहुतेकदा धुऱ्यावर जाळली जाते. या लाकडात उष्मांक मात्र भरपूर असतात, किलोला ४,००० किलोकॅलरीच्या आसपास. आपल्याकडच्या राखाळ कोळशाशी ती सहज बरोबरी करते.

केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये धोरण आणलं, की औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात ५ टक्के जैवइंधनाच्या गोळ्या मिसळाव्यात. आता थोडं गणित करू. बाळापूर तालुक्यातल्या पारसच्या औष्णिक वीज केंद्रात २५० मेगावॉटचे २ संच आहेत. दोन्ही पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला सुमारे ८,००० टन कोळसा लागेल. त्याचे ५ टक्के म्हणजे ४०० टन. हेक्टरी अडीच टन पऱ्हाटी धरली तर रोज १६० हेक्टर, म्हणजे ४०० एकरांची पऱ्हाटी एकट्या पारसला लागेल.

याचा दुसरा फायदा कारखान्याला नाही, शेताला होतो. फरदड, म्हणजे हंगामानंतरचा जास्तीचा कापूस, घेण्यासाठी पऱ्हाटी शेतात ठेवली की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत बिनभाड्याचं घर मिळतं. २०१७ साली या अळीने विदर्भात काय केलं, ते कापूस पिकवणाऱ्याला सांगायला नको. पऱ्हाटीला पैसे मिळाले तर ती जानेवारीतच निघेल आणि अळीचा मुक्कामही उठेल.

मुंबईच्या माटुंग्याला १९२४ पासून काम करणाऱ्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्डही बनवून दाखवला आहे. हे सगळं करताना एक भान मात्र हवं. ज्या घरची चूल याच सरपणावर पेटते, त्या घरासाठी पऱ्हाटी कचरा नाही. गोळ्यांचा कारखाना उभारणाऱ्याने गावातल्या बायांशी आधी बोलावं.

भट्टीशिवाय वीट

भारतीय कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. ८,००० टन कोळसा जाळला की किमान २,४०० टन राख झाली, तीही एका दिवसात. अमरावतीजवळ नांदगाव पेठचं केंद्र तर १,३५० मेगावॉटचं. या राखेची वीट भाजावी लागत नाही. राख, चुना किंवा सिमेंट आणि बारीक चुरी दाबून साच्यातून काढायची आणि पाणी मारत ठेवायची. मातीही वाचते आणि भट्टीचा धूरही. काळ्या मातीवर घर बांधणाऱ्याला भेगांचं दुखणं ठाऊक असतं. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते. तिच्यात हीच राख मिसळली तर तिचं फुगणं कमी होतं. रस्त्याच्या भरावातही राख वापरतात. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार राख पडून राहिली तर वीज केंद्राला टनामागे १,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

ऊन हवं, उष्णता नको

अकोल्याच्या दाल मिलला सौर तंत्रज्ञान नवं नाही. तुरीला तेल-पाणी लावून ती उन्हात वाळवतात, तेव्हाच टरफल सुटतं. निघालेली चुनी आणि टरफल थेट गोठ्यात जातं. अकोल्याच्याच डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल गावोगावी पोहोचली आणि तूर शहरात नेऊन डाळ परत गावात आणायचा फेरा वाचला.

पण छपरावर पॅनल बसवणाऱ्या मिलवाल्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. पॅनलला उजेड हवा, ताप नको. २५ अंशांपुढे पॅनल जितकं तापेल, तितकी दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के वीज कमी होते. मे महिन्यात अकोल्याचं पॅनल ६५ अंशांवर गेलं तर १४ टक्के तिथेच गेले. पॅनलखाली वारा खेळता ठेवायचा खर्च इथे पहिल्याच उन्हाळ्यापासून कामी येतो.

साल फेकू नका

वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या सालीतलं तेल म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन. हे ग्रीस आणि रंग विरघळवतं, म्हणून पेट्रोलियमच्या द्रावकाऐवजी वापरता येतं. तेल काढल्यावर उरलेल्या सालीतून पेक्टिन मिळतं, तोच जॅम घट्ट करणारा पदार्थ.

खारपाणपट्ट्याला मिठाचा धोका

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, त्या मुद्द्याकडे येतो. २०२३ मध्ये केंद्राने देशात ७ पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क जाहीर केले, त्यातलं महाराष्ट्राचं अमरावतीला आलं. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून १,००० एकरांच्या या पार्कची पायाभरणी झाली. कापूस इथेच पिकतो, मग कापडही इथेच व्हावं, ही वऱ्हाडाची जुनी मागणी आहे आणि ती रास्तच आहे.

पण कापड रंगवायला मीठ लागतं, आणि ते चिमूटभर नसतं. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग चढवायचा तर एक किलो कापडामागे अर्धा किलोहून जास्त मीठ लागू शकतं. ते कापडात राहत नाही, पाण्यात जातं. रंगाचा फेस दिसतो म्हणून लोक ओरडतात. मीठ दिसत नाही, आणि साध्या जैविक शुद्धीकरणाने निघतही नाही.

आणि आपण राहतो कुठे? अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे. तिथल्या भूजलात आधीच मीठ आहे. विहीर खणली तरी प्यायला पाणी नाही, अशी गावं आहेत. या मुलखात मिठाच्या सांडपाण्याची एक टाकीसुद्धा ओढ्यात जाता कामा नये.

तिरुप्पूरने हे भोगलं आहे. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तिथले रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. मग तिथे शून्य द्रव विसर्ग आला: पाणी आरओने गाळायचं, उरलेलं खारं पाणी आटवायचं आणि मिळालेलं मीठ पुन्हा रंगाईला घ्यायचं. हे महाग पडतं, आटवायला वाफ खूप लागते. ती वाफ पुन्हा कोळशाचीच असेल तर नदी वाचते आणि हवा बिघडते. म्हणूनच वाफेसाठी पऱ्हाटीवर चालणारा बॉयलर आणि रंगाईचं सांडपाणी या दोन गोष्टींचा विचार एकत्रच व्हायला हवा.

पाण्याशिवाय रंगवण्याचं तंत्रही जगात आहे. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या दाबाच्या ७३ पटींहून जास्त दाबाखाली नेला, की तो द्रवासारखा वागतो आणि रंग विरघळवून कापडात नेतो. डायकू या डच कंपनीने त्याची यंत्रं बाजारात आणली. अडचण इतकीच, की हे तंत्र पॉलिस्टरवर उत्तम चालतं, आपल्या सुतावर अजून तितकं नाही. सुताला मिठाशिवाय रंग धरायला लावणारा संशोधक वऱ्हाडाचा मोठा उपकारकर्ता ठरेल.

चटणीतलं जवस, अंगातलं लिनन

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत रेमंडचा लिननचा कारखाना आहे. लिनन ज्या झाडाच्या खोडातून निघतं, ते झाड म्हणजे आपलं जवस. युरोपात उंच खोडाचे वाण धाग्यासाठी पेरतात, विदर्भात बुटके वाण तेलासाठी आणि चटणीसाठी. आपण बी घेतो आणि काडी सोडून देतो. धागा आणि बी दोन्ही देणारे वाणही असतात. कारखाना दाराशी असताना असा वाण इथल्या शेतात रुजवून पाहायलाच हवा.

शहराचं पाणी, कारखान्याची तहान

नांदगाव पेठच्या वीज केंद्राला अप्पर वर्धा धरणाचं पाणी देण्यावरून शेतकऱ्यांनी मोठं आंदोलन केलं होतं. नागपुरात वेगळी वाट सापडली: भांडेवाडीला शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाने हे नियमातच आणलं. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक केंद्रांनी ते पाणी वापरायचं. अकोल्यापासून पारस आहे विशेक किलोमीटर.