पाच मिनिटे उठण्याचा हिशेब

आमच्या बाजारपेठेत एक समज घट्ट बसला आहे. जो जागचा हलत नाही तो मेहनती आणि जो घडीघडी उठतो तो कामचुकार. गादीवर ठाण मांडून बसणारा शेठ, वहीतून मान वर न काढणारा मुनीम, मशीन न सोडता दिवसाचे नग पुरे करणारा टेलर यांचे सर्वत्र कौतुक होते. आता वहीच्या जागी संगणक आला, जीएसटीची विवरणपत्रे आली, मोबाईलवर ऑर्डरी येऊ लागल्या. बैठक मात्र कमी न होता लांबतच गेली. या समजाची किंमत कोण मोजतो आणि किती मोजतो, याचा हिशेब या पानावर मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

तीनशे वर्षांपूर्वीचा इशारा

बैठ्या कामाचा त्रास आजचा नाही. इटलीतील मोदेना येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या आजारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दिवसभर वाकून बसणाऱ्या शिंप्यांच्या व चांभारांच्या पाठीला बाक येतो, हे त्यांनी नोंदवले. लेखनिकांच्या दुखण्याची त्यांनी तीन कारणे सांगितली : सतत बसणे, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरचा ताण. बैठ्या कारागिरांनी निदान सुटीच्या दिवशी तरी अंग हलवावे, असा त्यांचा सल्ला होता. आमचे जरी कारागीर, शिलाई कारागीर आणि बॅगा शिवणारे यांच्या बाबतीत या नोंदीतील एक शब्दही जुना झालेला नाही.

पुढे १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर दिवसभर जिने चढून-उतरून काम करी. गाडी एकच, रस्ताही एकच. पण हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांमध्ये अधिक आढळले.

शरीराचा कारभार

असे का होते, हे समजायला सोपे आहे. पाठीच्या मणक्यांमधील चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांचे पोषण आजूबाजूच्या भागांतून झिरपून होते आणि त्याला हालचालीची मदत लागते. पायातील रक्त वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू पंपाप्रमाणे करतात. पाय हलले नाहीत की हा पंप मंदावतो. जेवणानंतर रक्तात वाढलेली साखरही काम करणारे स्नायूच वापरतात.

या शेवटच्या मुद्द्याकडे आम्ही विशेष लक्ष वेधतो, कारण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी ११ जणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दर अर्ध्या तासाला ५ मिनिटे सावकाश चालल्याने जेवणानंतरची साखरेची उसळी, दिवसभर बसून राहण्याच्या तुलनेत, ५८ टक्क्यांनी कमी झाली. प्रयोग लहान आहे, परंतु त्याची दिशा स्पष्ट आहे.

धंद्याचे नुकसान होते काय?

कारखानदार विचारील, माणसे उठू लागली तर माल कधी निघणार? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेतील संशोधकांनी कर खात्याच्या एका केंद्रात संगणकावर नोंदी करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर याची परीक्षा घेतली. नेहमीच्या सुट्यांखेरीज त्यांना तासातासाने ५ मिनिटे, म्हणजे दिवसाला एकूण २० मिनिटे जादा विश्रांती दिली. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अंगदुखी व डोळ्यांचा ताण कमी झाला आणि २० मिनिटे कमी काम करूनही नोंदींचे प्रमाण घटले नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात काही कर्मचाऱ्यांना या विश्रांतीत हात-पाय ताणण्याचे साधे व्यायाम करण्यास सांगितले होते. त्यांनी जादा विश्रांतीपैकी केवळ ३९ टक्के वेळा आणि नेहमीच्या विश्रांतीत २५ टक्के वेळाच ते केले. वेळ दिला होता, व्यायाम शिकवला होता, तरीही माणसे अंग हलवीनात. म्हणजे नुसती परवानगी पुरत नाही.

आमच्याकडे अडथळे तीन दिसतात. पहिला नगावरच्या मजुरीचा : उठलो की तेवढे पैसे बुडाले असे कारागिराला वाटते. दुसरा मालकाच्या नजरेचा : शेठ बघतो आहे, मग उठायचे कसे? तिसरा लाजेचा : चार माणसांत एकट्याने हात वर-खाली केले तर लोक हसतील.

लाजेवर जपानने काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. तेथे १९२८ पासून रेडिओवर व्यायामाचा छोटा कार्यक्रम सुरू झाला. महायुद्धानंतर तो काही काळ बंद पडला आणि १९५१ साली नव्या रूपात पुन्हा आला. अनेक कारखान्यांत व कचेऱ्यांत साहेब आणि कामगार एकत्र उभे राहून तो करतात. सगळेच करतात, तेव्हा हसणारा कोणी उरत नाही.

आपल्या गाळ्यात काय करता येईल?

जोहर व असरला उठणारा कारागीर दिवसातून दोनदा बैठक मोडतोच. नमाज ही इबादत आहे, तिला कसरत समजू नये. पण तिच्यासाठी उठल्याने कोणाचा धंदा बुडाला, असे आम्ही ऐकलेले नाही. उरलेल्या तासांत आणखी चार वेळा ५ मिनिटे काढणे म्हणूनच अशक्य नाही.

कारखानदारांनी ही वेळ सर्वांसाठी एकच ठेवावी आणि त्या वेळी आधी स्वतः उठावे. मालक उठला की नजरेचा अडथळा आपोआप जातो. पाण्याचा माठ जवळ न ठेवता गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. फोन आला तर उभे राहून बोलावे. मजुरी नगावर असेल तेथे १५ दिवस हा प्रयोग करून आधीच्या १५ दिवसांशी नगांची आणि बिघडलेल्या मालाची तुलना करावी. अमेरिकेचा प्रयोग संगणकावरील नोंदींचा होता, तो शिलाईला जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. आपली वहीच आपल्याला खरे उत्तर देईल. नग थोडे कमी भरले, तर ती तूट एकट्या कारागिराच्या माथी मारू नये.

जो दिवसभर उभा असतो त्याची गरज उलटी आहे. यंत्रमागावरचा कामगार किंवा कापड दुकानातील सेल्समन यांना बसायला मिळाले पाहिजे. केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली कायद्यात दुरुस्ती करून दुकानातील नोकरांना बसण्याची सोय देणे मालकांवर बंधनकारक केले. केरळातील कापड दुकानांत उभे राहून थकलेल्या स्त्रियांनी त्यासाठी लढा दिला होता. आपल्या दुकानात चार स्टुले ठेवण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

हाता-पायाला मुंग्या येत असतील वा कंबरदुखी हटत नसेल तर मात्र व्यायामावर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावे.

मशीन बिघडले तर दुसरे मिळते, जागा गेली तर दुसरी भाड्याने घेता येते. पण वीस वर्षे हात बसलेला जरी कारागीर पंचेचाळिशीत कंबर धरून घरी बसला, तर त्याच्या घराची रोजी जाते आणि कारखान्याचा कसबही जातो. मशीनला तेल द्यायला आपण दररोज वेळ काढतो. मशीन चालवणाऱ्यासाठीही तेवढा वेळ काढावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.