सही करण्यापूर्वी : चालकाचे आरोग्य आणि कायद्याची जबाबदारी

अकोटच्या माझ्या दवाखान्यात दर आठवड्याला दोन-चार जण ‘नमुना १-अ’ घेऊन येतात. प्रवासी किंवा मालवाहू गाडीच्या परवान्यासाठी, तसेच वयाची चाळिशी ओलांडल्यावर कोणत्याही परवान्यासाठी लागणारे हे वैद्यकीय प्रमाणपत्र. डोळे, रंगांची ओळख, कान, हातपाय, रक्तदाब पाहून सही करायची. पाच मिनिटांचे काम.

असाच एक अर्ज मी एका टेम्पोचालकाला सही करून दिला. कापसाच्या हंगामात तो रात्रंदिवस अकोट-अकोला रस्त्यावर असे. दोन महिन्यांनी त्याला घरीच फिट आली. बायकोने पिशवीतून फिनायटॉइनच्या गोळ्यांचे पाकीट काढले. तीन वर्षांपासून चालू होत्या. मी जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, “सांगतलं असतं तं तुमी सही केली असती का, डॉक्टरसाहेब?”

या प्रश्नामुळे मी मोटार वाहन कायदा, १९८८ मुळातून वाचला. परवाना मागणाऱ्याला ‘नमुना १’मध्ये स्वतःच्या सहीने सांगावे लागते की अपस्मार, एकाएकी शुद्ध हरपणे किंवा भोवळ येणे असा त्रास आहे की नाही. रातांधळेपणाचाही प्रश्न तेथे आहे. बहुतेक अर्जांत या रकाने ‘नाही’ म्हणून एजंटच भरतो. पण सही अर्जदाराची असते. परवाना मिळाल्यानंतर आजार जडला, तर कलम १६ प्रमाणे परवाना देणारा अधिकारी तो रद्द करू शकतो किंवा नवे वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो. आजारामुळे गाडी चालवणे लोकांना धोक्याचे आहे हे ठाऊक असूनही चालवली, तर कलम १८६ लागू होते. दंड मात्र पहिल्या वेळी १,००० आणि पुढे २,००० रुपये. कलम १८८ अशा गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्यालाही गुन्हेगार ठरवते. चालक आजारी आहे हे माहीत असून ‘एवढी खेप मार’ म्हणणाऱ्या मालकाने हे कलम वाचावे.

नशेचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. दारूसाठी कलम १८५ मध्ये आकडा आहे : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क नको. शिक्षा सहा महिने कैद किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. अमली द्रव्यासाठी मात्र या कलमात आकडा नाही. गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता, हे दाखवावे लागते. पोलिसांचे फुंकायचे यंत्र फक्त दारू पकडते. गोळ्यांसाठी प्रयोगशाळाच हवी. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर ‘ड्रग’च्या व्याख्येत अमली पदार्थविषयक कायद्यातील मनोव्यापारांवर परिणाम करणारी द्रव्येही येतात. झोपेसाठी आम्हीच लिहून देतो ती अल्प्राझोलाम त्याच यादीत आहे.

उलट चूकही होते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणारा चालक उपाशीपोटी निघाला, तर साखर उतरते. जीभ अडखळते, तोल जातो, पाहणाऱ्याला वाटते प्यायलेला आहे. यंत्रात शून्य येते आणि माणूस बेशुद्धीकडे जात असतो.

मग अपघात झाल्यास दोष कुणाचा? आयुष्यात प्रथमच, कोणतीही पूर्वसूचना नसताना झटका आला, तर त्याला निष्काळजीपणा म्हणणे कठीण. ठाऊक असून लपवले, तर गोष्ट वेगळी. २२ डिसेंबर २०१४ रोजी ग्लासगोत कचऱ्याच्या ट्रकचा चालक बेशुद्ध झाला आणि सहा जण मेले. चौकशीत निघाले, की २०१० मध्ये बस चालवतानाही त्याची शुद्ध हरपली होती आणि त्याने ते दडवले होते. आपल्याकडे २५ जानेवारी २०१२ रोजी पुण्यात स्वारगेट आगारातून एसटी पळवून एका चालकाने नऊ जणांचे बळी घेतले. मनोविकाराचा बचाव न्यायालयांनी मानला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फाशीऐवजी जन्मठेप दिली. केवळ आजार असणे पुरत नाही. कृत्याच्या क्षणी आपण काय करतो हे कळत नव्हते, असे सिद्ध व्हावे लागते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार आता पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

ब्रिटनमध्ये साधी मोटार चालवणाऱ्याला सर्वसाधारणपणे वर्षभर फिट आली नाही तर परवाना परत मिळतो; ट्रक-बसच्या चालकाला औषधाविना दहा वर्षे जावी लागतात. परतीची वाट दिसली की माणूस खरे सांगतो. आमच्या टेम्पोवाल्याला वाट दिसत होती ती उपासमारीची. हल्ली तो जिनिंगमध्ये काट्यावर बसतो. कमाई निम्म्यावर आली आहे आणि माझ्यावरचा राग गेलेला नाही.

मी मात्र आता सहीपूर्वी चार गोष्टी विचारतो : कधी शुद्ध हरपली का? रोज कोणत्या गोळ्या घेता? साखर उतरते का? दिवसा बसल्या बसल्या झोप लागते का? शक्य तर घरच्यांसमोर विचारतो. काही जण अर्ज उचलून दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. तेथेही हेच प्रश्न विचारले जावेत, एवढ्यासाठी हे लिहिले.