पहिली मोटारसायकल : जुनी की नवी?

आमचे गाव गंगाखेड तालुक्यात आणि कॉलेज परभणीला. संध्याकाळची एस.टी. चुकली की मित्राच्या खोलीवर मुक्काम ठरलेला. म्हणून यंदा गाडी घ्यायचे ठरले आणि घरात वाद सुरू झाला. आबा म्हणतात, कर्ज काढून नवी घेऊ. मामा म्हणतात, "माझी बुलेट पडूनच हाय, ने की लेकरा!"

फुकटची बुलेट कोणाला नको? शिवाय तिचे यंत्र साधे. प्लग काढून पुसावा, कार्बोरेटर उघडून कचरा फुंकावा. गावातला मिस्त्रीही तिला चालू करतो. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी बहुधा इंजेक्शन आले. त्यात बिघाड झाला तर मिस्त्रीला तपासणीचे यंत्र लागते.

मी मामांच्या बाजूने होतो, तो दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असतो. जुन्या इंग्रजी गाड्यांची ती रीतच. मी शिकलो मित्राच्या नव्या गाडीवर, जिथे सारे उलट. गाडीवाटेने जाताना शेळी आडवी आली. घाबरून क्लच ओढला, उजवा पाय दाबला. ब्रेक लागलाच नाही, गिअर तेवढा बदलला. शेळी वाचली, मी गाडीसह तुरीत! दोष पायाचा. पण नवशिक्याचा पाय ऐन वेळी विचार करीत नाही. मग दीडशे किलोंहून जड गाडी उभी करायला दोघे लागलो.

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे हलके होऊन घसरते. नवशिका पुढच्या ब्रेकला भितो, मागचाच दाबतो. त्यात पावसाळ्यात आपल्याकडच्या रस्त्यावर ट्रॅक्टरने आणलेली काळी माती! एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.पर्यंतच्या नव्या गाड्यांना निदान जोड-ब्रेक सक्तीचा झाला: मागचा दाबला तरी पुढचाही थोडा लागतो. त्याहून मोठ्या गाड्यांना ए.बी.एस.; चाक अडकू लागले की तो ब्रेक क्षणभर सैल करून पुन्हा धरतो. मामांच्या गाडीत यातले काहीच नाही.

तेव्हा माझे मत असे : गाडी वापरलेली चालेल, पण एप्रिल २०१९ नंतर तयार झालेली, शंभर-सव्वाशे सी.सी.ची. पडली तर एकट्याला उचलता येते, आणि कर्जही कमी. घेताना आर.सी.वरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहावा, विमा पाहावा, आणि २९ व ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गाडी नावावर न करता वर्षानुवर्षे फिरवणारे आपल्या वर्गातही आहेत!

मामा थोडे रुसले आहेत. आबा म्हणतात, तूर विकल्यावर बघू. मी आडवी केलेली तूर वजा करून.