नीतिमत्त्व, ख्रिस्ती धर्मशास्त्रातील

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मध्यवर्ती संकल्पना. पापी मनुष्य पवित्र देवापुढे कशाच्या आधारावर उभा राहू शकतो, या प्रश्नाला ख्रिस्ती धर्माने दिलेले उत्तर या संकल्पनेत सामावलेले आहे. मनुष्य स्वतःच्या सत्कृत्यांनी नव्हे, तर येशू ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वामुळे देवाकडून नीतिमान ठरतो. हे देवाच्या कृपेचे दान असून ते श्रद्धेने (ख्रिस्ती मराठीत ‘विश्वासाने’) स्वीकारावयाचे असते, असे हे उत्तर आहे. इतके बहुतेक सर्व पाश्चात्त्य ख्रिस्ती पंथांना मान्य आहे. मतभेद आहे तो ‘ठरतो’ या क्रियापदाविषयी. देव मनुष्याला नीतिमान जाहीर करतो, की प्रत्यक्षात नीतिमान करतो? सोळाव्या शतकात पश्चिम युरोपातील चर्च दुभंगले, त्यामागे राजकीय व आर्थिक कारणेही होतीच. परंतु धर्मशास्त्रीय वादाचा गाभा हा प्रश्न होता.

‘नीतिमत्त्व’ हा मराठी शब्द बायबलच्या भाषांतरांतून रूढ झाला. तो मराठी वाचकाची काहीशी दिशाभूल करतो, कारण ‘नीतिमान’ म्हटले, की सदाचरणी मनुष्य डोळ्यांपुढे येतो. मूळ संकल्पनेत सदाचरणाइतकाच न्यायालयाचा व नातेसंबंधाचा अर्थ आहे. ‘त्सदक’ या हिब्रू धातूपासून बनलेले शब्द जुन्या करारात दोन पक्षांमधील नाते सचोटीने पाळणाऱ्यास लावले आहेत, तसेच न्यायाधीशाने ज्याच्या बाजूने निकाल दिला त्यालाही. निर्दोष्याला नीतिमान व दोष्याला दोषी ठरविणे हे न्यायाधीशाचे कर्तव्य असल्याचे अनुवाद या ग्रंथात सांगितले आहे. त्याच्या ग्रीक भाषांतरात आलेले ‘दिकायोउन’ हे क्रियापद नव्या कराराच्या लेखकांनी उचलले. लॅटिनमध्ये मात्र त्यासाठी जो शब्द रूढ झाला, त्याचा व्युत्पत्तिदृष्ट्या अर्थ ‘न्यायी करणे’ असा होतो. पुढील वादाचे एक बीज या भाषांतरात आहे.

पावित्र्याची कल्पना याहून वेगळ्या मुळातून आली आहे. लेवीय या ग्रंथातील शुद्धाशुद्धतेचे नियम प्रामुख्याने नीतीविषयी नाहीत. प्रसूती, प्रेताचा स्पर्श, त्वचारोग, रक्तस्राव यांनी मनुष्य अशुद्ध होई व ती अशुद्धता स्पर्शाने पसरे. सोवळ्या-ओवळ्याच्या परिचयामुळे मराठी वाचकाला हे समजण्यास अडचण पडू नये. शुभवर्तमानांतील येशू कुष्ठरोग्याला हात लावतो, तेव्हा येशू अशुद्ध होत नाही, तर रोगी शुद्ध होतो. पावित्र्याचा ओघ येथे उलटा झाला आहे. संदेष्ट्यांच्या ग्रंथांत ही कल्पना आधीच नैतिक पातळीवर आलेली होती. यशयाच्या ग्रंथात मनुष्याच्या सत्कृत्यांना मळलेल्या वस्त्राची उपमा दिली आहे व अन्यत्र देवाने पांघरलेल्या नीतिमत्त्वाच्या झग्याचा उल्लेख आहे. इ. स. पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या जखऱ्या या संदेष्ट्याच्या एका दृष्टान्तात तर न्यायालय व शुद्धी या दोन्ही प्रतिमा एकत्र येतात : प्रमुख याजक यहोशवा मळक्या वस्त्रांनिशी देवदूतापुढे उभा आहे, सैतान त्याच्यावर आरोप करीत आहे, आरोप फेटाळला जातो आणि त्याची वस्त्रे उतरवून त्याला शुभ्र वस्त्रे घातली जातात. पुढील ख्रिस्ती विवेचनात ही वस्त्राची प्रतिमा सतत आढळते.

या सिद्धांताची सुसूत्र मांडणी प्रथम सेंट पॉल याच्या पत्रांत, विशेषतः गलतीकरांस व रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत (इ. स. च्या सहाव्या दशकात) मिळते. ती एका व्यावहारिक तंट्यातून निर्माण झाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अँटिऑक येथे ज्यू व ज्यूेतर ख्रिस्ती लोक एका पंगतीला बसत. पेत्रही त्यांच्याबरोबर जेवत असे. जेरूसलेमहून काही ज्यू ख्रिस्ती आल्यावर मात्र पेत्र पंगतीतून वेगळा झाला. पॉलने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला व त्या प्रसंगाला धरूनच, मनुष्य नियमशास्त्रातील कृत्यांनी नव्हे तर ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान ठरतो, हे प्रतिपादन केले. सुंता न झालेला मनुष्य देवाच्या लोकांमध्ये पूर्ण हक्काचा घटक आहे की नाही, हा त्यावेळचा निकडीचा प्रश्न होता.

पॉलचा मुख्य आधार अब्राहामाची कथा हा आहे. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला व ते त्याच्या नावे नीतिमत्त्व म्हणून गणले गेले, असे उत्पत्ति या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात आहे. सुंतेची आज्ञा सतराव्या अध्यायात येते. हा क्रम पॉल आग्रहाने पुढे करतो. ‘गणले गेले’ यासाठी वापरलेले ग्रीक क्रियापद हिशेबातील आहे. मजुराला मिळणारी रक्कम ही त्याच्या कामाचे देणे असते. येथे मात्र जे जमा झाले ते कामाच्या बदल्यात नव्हे, हा पॉलचा मुद्दा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो आणखी पुढे जातो : जो निष्पाप होता त्या ख्रिस्ताला देवाने पापरूप केले, ते आपण त्याच्या ठायी देवाचे नीतिमत्त्व व्हावे म्हणून. याकोबाच्या पत्रातील भूमिका वरवर विरोधी दिसते. तेथे अब्राहामाचेच उदाहरण देऊन मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर कृत्यांनी नीतिमान ठरतो, असे म्हटले आहे. मात्र याकोब ज्या विश्वासावर टीका करतो, तो कृतीत न उतरणारा नुसता होकार होय; पॉलला तसला विश्वास अभिप्रेत नव्हता. तरीही दोघांच्या शब्दांमधील ताण पुरता नाहीसा होत नाही.

पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चने हा विषय कधीच केंद्रस्थानी ठेवला नाही. मनुष्याचे ईश्वरी जीवनात सहभागी होणे हे तेथील तारणविचाराचे सूत्र आहे. पश्चिमेत सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने पेलेजिअसशी वाद घालताना या विषयाला कायमचे वळण दिले. मनुष्याला स्वतःच्या इच्छाशक्तीने निष्पाप जगता येईल, हे पेलेजिअसचे मत ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने धिक्कारले. ऑगस्टीनच्या मते सत्कृत्याची इच्छादेखील कृपेतून उपजते. मात्र नीतिमान ठरणे म्हणजे नीतिमान होत जाणे, असाच अर्थ त्याने घेतला व तो मध्ययुगभर टिकला. बाप्तिस्म्याने आत्म्यात कृपा ओतली जाते, पापाने ती गमावल्यास प्रायश्चित्त संस्काराने ती पुन्हा मिळते व तिच्या साहाय्याने केलेली सत्कृत्ये पुण्यप्रद ठरतात, अशी व्यवस्था रूढ झाली. गाब्रिएल बील (मृत्यू १४९५) याच्यासारखे पंडित, मनुष्याने आपल्याकडून होईल तेवढे केले, तर देव त्याला कृपा नाकारीत नाही, असे शिकवीत. हे ऐकावयास सौम्य वाटते. परंतु हळव्या विवेकबुद्धीच्या मनुष्याला आपण ‘होईल तेवढे’ केले की नाही, हे कधीच कळत नाही.

मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) हा असा मनुष्य होता. मठात असताना उपवास, जागरणे व वारंवार केलेले पापनिवेदन यांनीही त्याचे समाधान झाले नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी आलेल्या ‘देवाचे नीतिमत्त्व’ या शब्दांचा आपल्याला तिटकारा वाटे, कारण पाप्याला शिक्षा देणारे नीतिमत्त्व असाच त्यांचा अर्थ आपण समजत होतो, असे त्याने १५४५ मध्ये आपल्या लॅटिन ग्रंथांच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. देव विश्वासाच्या द्वारे मनुष्याला जे नीतिमत्त्व देतो ते येथे अभिप्रेत आहे, हे उमगल्यावर त्याचा पुनर्जन्मच झाला. हे नीतिमत्त्व ल्यूथरच्या मते ‘परके’ असते. ते मनुष्याच्या अंगी बाणलेले नसून ख्रिस्ताचे असते व मनुष्याचे म्हणून गणले जाते. १५२० च्या ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्यावरील पुस्तिकेत त्याने विवाहाचा दृष्टान्त योजला : वधूचे कर्ज वराचे होते व वराची संपत्ती वधूची होते. म्हणून श्रद्धावान मनुष्य एकाच वेळी नीतिमानही असतो व पापीही. १५२२ मधील जर्मन नव्या करारात रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात त्याने मुळात नसलेला ‘केवळ’ हा शब्द घातला. जर्मन भाषेच्या वळणाला तो आवश्यक आहे, असे समर्थन त्याने १५३० मध्ये केले.

फिलिप मेलँक्थॉनने या मताला न्यायालयीन निवाड्याचे काटेकोर रूप दिले. त्याविरुद्ध आंड्रेआस ओसिआंडर याने १५५० नंतर केनिग्झबर्ग येथे असे मत मांडले, की ख्रिस्ताचे ईश्वरी स्वरूप अंतःकरणात वसते, त्यामुळे मनुष्य नीतिमान होतो. ल्यूथरपंथीयांनी व कॅल्व्हिननेही हे मत नाकारले. तथापि कॅल्व्हिनची स्वतःची मांडणी बरीच समावेशक आहे. श्रद्धेने मनुष्य ख्रिस्ताशी जोडला जातो आणि त्या ऐक्यातून पापक्षमा व पवित्रीकरण ही दोन दाने एकदमच मिळतात; ती एकमेकांपासून भिन्न असली, तरी एक स्वीकारून दुसरे टाळता येत नाही.

समेटाचा एक गंभीर प्रयत्न १५४१ मध्ये रेगन्सबुर्ग येथे झाला. कार्डिनल काँतारीनी व मेलँक्थॉन यांच्या उपस्थितीत नीतिमत्त्वाविषयीच्या कलमावर एकमत झालेही. परंतु ल्यूथर व रोम या दोघांनाही ते पटले नाही. ट्रेंटच्या परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी सोळा प्रकरणे व तेहतीस निषेधवचने असलेला आदेश संमत केला. त्यात कृपेविना केवळ स्वतःच्या कृत्यांनी मनुष्य नीतिमान ठरतो, हे मत आरंभीच धिक्कारले आहे, ही गोष्ट प्रॉटेस्टंट टीकाकार पुष्कळदा विसरतात. मात्र नीतिमान ठरणे म्हणजे पापक्षमेबरोबरच अंतर्यामाचे पवित्रीकरण व नवीकरण होय, श्रद्धा हा तारणाचा आरंभ असला, तरी ती प्रीतीविना पुरी पडत नाही आणि प्राप्त नीतिमत्त्व सत्कृत्यांनी वाढते, असे परिषदेने ठरविले.

प्रॉटेस्टंट मतावरील सर्वांत मर्मभेदी आक्षेप असा, की जो नीतिमान नाही त्याला नीतिमान म्हणणारा देव असत्य बोलतो. हा कागदोपत्री व्यवहार झाला. यावर उत्तर असे देण्यात येते, की देवाचा शब्द वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाही, तर नवी वस्तुस्थिती निर्माण करतो. दत्तकविधीने परक्याचा मुलगा खरोखरच घरचा होतो व मग घरच्या रीतींत वाढतो; रीती शिकल्याबद्दल त्याला दत्तक घेतलेले नसते. उलट कॅथलिक मताविरुद्ध आक्षेप असा, की निवाडा अंतरंगातील बदलावर अवलंबून ठेवला, तर मृत्युशय्येवरील मनुष्याला कशाच्या आधारावर निश्चिंत होता येईल? प्रस्तुत लेखकास दोन्ही आक्षेप खऱ्या चिंतेतून आलेले वाटतात : एक देवाच्या सत्यतेविषयीच्या, तर दुसरा मनुष्याच्या निश्चिंतीविषयीच्या.

अठराव्या शतकात जॉन वेस्लीने (१७०३–९१) पवित्रतेवरील भर पुन्हा वाढविला. २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये ल्यूथरची रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना वाचली जात असता त्याला क्षमेची खात्री पटली. पण नीतिमान ठरलेल्या मनुष्याने याच आयुष्यात प्रीतीच्या पूर्णतेकडे जावे, असे तो शिकवी. या परंपरेचा ठसा एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मिशनकार्यावर उमटला. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटिज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यावेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नव्हे, अशा आशयाचे निवेदन त्यांनी १९०७ च्या आत्मसाक्षीत केले आहे. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचून त्यांना आपली उणीव जाणवली आणि काही वर्षांनी विनामूल्य क्षमेची खात्री लाभली. त्यांनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलच्या अभ्यासाची दिशा पालटली. क्रिस्टर स्टेंडाल याने १९६३ च्या निबंधात, ल्यूथरची विवेकयातना पॉलवर लादली गेली आहे, असे दाखविले. ई. पी. सँडर्स याने १९७७ मध्ये, तत्कालीन ज्यू धर्म हा पुण्यसंचयाचा धर्म नव्हता, तर देवाच्या कृपापूर्वक निवडीवर आधारलेला होता, असे विपुल पुराव्यांनिशी प्रतिपादिले. त्यामुळे ‘नियमशास्त्रातील कृत्ये’ या शब्दांनी पॉलला सुंता व भोजननिर्बंध यांसारखी ज्यू ओळखीची चिन्हे प्रामुख्याने अभिप्रेत होती, या मताला बळ मिळाले. जुन्या मताचे समर्थकही स्वस्थ बसलेले नाहीत.

लूथरन जागतिक संघ व रोमन कॅथलिक चर्च यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे या सिद्धांतावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मूलभूत सत्यांवर एकमत असून उरलेले मतभेद एकमेकांना बहिष्कृत करण्याजोगे नाहीत, असे त्यात म्हटले आहे. सह्यांपूर्वी जर्मनीतील शंभराहून अधिक प्राध्यापकांनी त्यास विरोध केला होता, तर ‘एकाच वेळी नीतिमान व पापी’ या सूत्राविषयी रोमनेही शंका व्यक्त केल्यामुळे मूळ मसुद्यास परिशिष्ट जोडावे लागले. जागतिक मेथडिस्ट परिषदेने २००६ मध्ये व रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटनेने २०१७ मध्ये घोषणापत्राशी सहमती दर्शविली. प्रभुभोजनात एकत्र सहभागी होण्याची मुभा मात्र या कराराने लूथरन व कॅथलिक उपासकांना मिळालेली नाही.