टायरचा गेज विमानाला चालेल का? टर्बो इंजिनाचा गेज निवडताना आधी 'शून्य' बघा!

पंक्चरवाला टायरला गेज लावतो आणि सांगतो, "३२ हवा आहे." गेज काढला की काटा परत शून्यावर. पण शून्य म्हणजे बाहेर हवेचा दाबच नाही, असं नाही. समुद्रकिनाऱ्यावर आपल्या आजूबाजूच्या हवेचाच दाब साधारण १४.७ पौंड असतो. टायरचा गेज तो धरत नाही. त्याच्या वर किती, एवढंच दाखवतो.

ट्रॅक्टर-ट्रकच्या टर्बोला लावतात तो बूस्ट गेजही तसाच. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा दाबून भरतो. जमिनीवर बाहेरचा दाब फारसा बदलत नाही, म्हणून तिथे हा गेज चालून जातो.

विमानात काय बिघडतं?

विमान वर चढलं की हवा विरळ होते. सुरुवातीला दर हजार फुटांना दाब साधारण १ इंच पारा कमी होतो. समुद्रसपाटीला तो २९.९२ इंच असतो, तर १८,००० फुटांवर जवळपास निम्मा. म्हणजे बूस्ट गेजचा शून्यच सरकत जातो.

समजा, इंजिनाची मर्यादा एकूण ४० इंच आहे. मुंबईत बाहेरचे ३० इंच, म्हणून बूस्ट गेजवर १० ला लाल खूण केली. तेच विमान लेहला नेलं. तिथला विमानतळ १०,००० फुटांच्या वर, बाहेरचा दाब साधारण २० इंच. पायलटने काटा १० वर आणला, तर इंजिनाला मिळाले फक्त ३० इंच. उड्डाणालाच ताकद कमी! उलट लेहच्या हिशोबाने २० ला खूण केली आणि मुंबईत तेवढा बूस्ट दिला, तर होतात ५० इंच. मग इंजिन ठोके मारतं, पिस्टन जळू शकतो.

म्हणून विमानाला मॅनिफोल्ड प्रेशर गेज लागतो. तो पूर्ण निर्वातापासून एकूण दाब मोजतो. विमान कुठेही असो, ४० म्हणजे ४०च.

गेज घेताना हे बघा

- इंजिन बंद ठेवून तपासा. काटा बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. किनाऱ्यावर ३० च्या आसपास, महाबळेश्वरएवढ्या उंचीवर साडेपंचवीसच्या आसपास. शून्य दाखवला, तर तो बूस्ट गेज आहे.
- आकड्यांची मजल. साध्या इंजिनाचा गेज टर्बोला पुरत नाही. मर्यादा ४० असेल, तर गेज ५० पर्यंत तरी हवा.
- एकक. इंजिनाच्या पुस्तिकेत इंच पारा असेल, तर गेजवरही तेच हवं. उड्डाणाच्या घाईत गुणाकार करायला वेळ नसतो.
- खुणा. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स ९१४ या टर्बो इंजिनाला उड्डाणावेळी ३९.९ इंच चालतात, तेही फक्त ५ मिनिटं. सतत चालवायची मर्यादा ३५.४. दोन्ही खुणा गेजवर स्पष्ट दिसल्या पाहिजेत. आपल्या सैन्याकडचे हेरॉन ड्रोन याच जातीच्या इंजिनावर उडतात.
- नळी. गेजकडे जाणारी बारीक नळी गळली किंवा तिच्यात पाणी साचलं, तर चांगला गेजही खोटं बोलतो. नळी थ्रॉटलच्या आधी जोडायची की नंतर, तेही पुस्तिकेप्रमाणेच करावं. दोन्हीकडचे आकडे वेगळे येतात.

आणि हो, प्रमाणित विमानाचा गेज मनाने बदलता येत नाही. मंजूर झालेलाच भाग लागतो आणि परवानाधारक अभियंत्याची सहीही लागते. ट्रॅक्टर बंद पडला तर बांधाला उभा करता येतो. विमानाला आभाळात बांध नसतो. म्हणून गेज घेताना किंमत नंतर विचारा, त्याचा शून्य कुठून सुरू होतो ते आधी विचारा.