घोणस : अंतर्रचना व लिंगभेद

व्हायपरिडी कुलातील हा विषारी साप महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी आढळतो. त्याचे शास्त्रीय नाव डबोइया रसेली असून शॉ व नॉडर यांनी १७९७ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. ठाण्यातील माजिवड्याच्या पश्चिमेस असलेल्या येऊरच्या टेकड्यांसारख्या झाडीच्या प्रदेशांत तो राहतो व उंदरांच्या मागावर वस्तीजवळही येतो. त्याची लांबी सामान्यतः सु. १·२ मी. असते.

अंतर्रचना : शरीर लांब व अरुंद असल्यामुळे जोडीची इंद्रिये समोरासमोर नसून मागेपुढे असतात. डावे फुप्फुस जवळजवळ नाहीसे झालेले असते. श्वसनाचे कार्य लांबट उजवे फुप्फुस करते. यकृत पट्टीसारखे असून पित्ताशय त्यापासून दूर, मागील बाजूस असते. उजवे वृक्क (मूत्रपिंड) डाव्याच्या पुढे असते. मूत्राशय नसते, उत्सर्ग मुख्यतः यूरिक अम्लाच्या रूपात अवस्करातून बाहेर पडतो. विषग्रंथी ही रूपांतरित लालाग्रंथी असून ती डोळ्यामागे असते. स्नायूंच्या दाबाने विष वाहिनीतून पोकळ विषदंतात येते. तोंड मिटलेले असताना हे लांब दात मागे वळून टाळूला लागून राहतात.

लिंगभेद : रंग व ठिपक्यांवरून नर-मादी ओळखता येत नाहीत. नराची दोन मैथुनांगे शेपटीच्या बुडाशी आत वळलेली असतात. समागमाच्या वेळी त्यांपैकी एकच बाहेर येते. त्यामुळे नराची शेपटी तुलनेने लांब व बुडाशी जाड, तर मादीची आखूड व झपाट्याने निमुळती होत जाणारी असते. वृषण आणि अंडाशय यांच्या जोड्यांतही उजवे इंद्रिय डाव्याच्या पुढे असते. मादी अंडी घालत नाही. अंडी अंडवाहिनीतच वाढतात व बहुधा २०–४० पिल्ले जन्मतात. ती बहुतेक जून-जुलैमध्ये दिसतात.

पिल्ले जन्मतःच विषारी असतात, म्हणून आकारावरून किंवा लिंगावरून धोका कमी मानणे चुकीचे ठरते. विषामुळे मनुष्याच्या रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडते व वृक्के निकामी होऊ शकतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषांपासून घोड्यांच्या साहाय्याने तयार केलेली बहुसंयोजी प्रतिविषलस हाच यावरील उपाय असून, साप नर असो वा मादी, लस तीच वापरतात. दंश झालेल्या व्यक्तीस विनाविलंब रुग्णालयात नेणे आवश्यक असते.